मागची गाडी आल्याशिवाय

शालूबाईंनी जन्मात एकाच माणसाला 'नको' म्हटलं नव्हतं, आणि नेमका तोच माणूस घरात कॉम्प्युटर घेऊन आला.

तो माणूस म्हणजे त्यांचे जावई, सांगलीचे जयराज. दुसऱ्या कुणी असलं धूड दारात आणलं असतं तर ते उंबऱ्याच्या आत आलंच नसतं. रॉकेलवाला, गवळी, पाणीपट्टी मागायला येणारा शिपाई, सगळ्यांनी शालूबाईंच्या तोंडाचा पट्टा खाल्लेला. (जिभेला हाड नसतं म्हणतात. शालूबाईंच्या जिभेला होतं, आणि ते समोरच्याला लागायचं.) पण जावई तो जावई. त्याला अहोजाहो करायचं, बसायला पाट द्यायचा, डोक्यावरचा पदर सारखा करायचा, आणि त्यानं सोप्यात हत्ती आणून बांधला तरी 'चारा काय घालू' एवढंच विचारायचं.

त्यात जयराजांनी तो कॉम्प्युटर आणला होता मामांसाठी, म्हणजे शालूबाईंच्या नवऱ्यासाठी. तिथं तर तोंड उघडायची सोयच नव्हती.

आकाराम कंट्रोलर म्हटलं की साताऱ्याच्या एसटी स्टँडवर जुनी माणसं अजून मान वर करून भोंग्याकडं बघतात. वीस वर्षं त्या भोंग्यातनं आकाराम बोलायचे. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' असा आवाज निघाला की रडणारं पोर गप व्हायचं आणि खिसेकापूसुद्धा हात आखडता घ्यायचा. वाईला निघालेली माणसं नुसत्या त्या आवाजाच्या धाकानं कऱ्हाडच्या गाडीत जाऊन बसायची म्हणे. (हे सांगणारे नाथाजी स्वतः ड्रायव्हर होते, त्यामुळं ह्यातलं अर्धं सोडून द्यावं.)

पण हा आवाज स्टँडवरच ठेवून माणूस घरी यायचा. घरी बोलायचं काम शालूबाईंकडं होतं. आकारामांनी 'अगं, मी काय म्हणतो' म्हणावं आणि शालूबाईंनी 'ठावं हाय काय म्हनता ते' असं सांगून पुढचं आपणच म्हणून टाकावं, असा तीस वर्षांचा संसार. बायकोला नावानं हाक मारायची त्या घराण्यात रीत नव्हती. 'अगं' नाहीतर 'ऐकलंस का', ह्या दोन हाकांवर लेक रेश्मा जन्माला आली, वाढली आणि लग्न होऊन सांगलीला गेली.

मग आकाराम रिटायर झाले आणि त्यांचा घसा धरला. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, शेवटी मिरज झाली. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, जीव ठेवायचा असेल तर घशातली आवाजाची पेटी काढावी लागेल. काढली. गळ्यापुढं एक भोक राहिलं आणि त्यावर पांढरा फडका. श्वास तिथनं ये-जा करायचा. शब्द कुठनंच नाही.

रेश्माच्या मनात आलं, बाबांचा आवाज कुणीतरी टेप करून ठेवला असेल. स्टँडवर विचारलं, जुन्या कंडक्टरांना विचारलं, कुठंच नव्हता. अख्ख्या जिल्ह्यानं वीस वर्षं ऐकला, पण जपून कुणीच ठेवला नव्हता. रोज फुकट मिळणारी वस्तू कोण साठवतं?

आधी पाटी-पेन्सिल झाली. पण शालूबाईंची शाळा चौथीपुरती. एकेक अक्षर बोटानं दाबत वाचायच्या, आणि आकारामांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची दिंडी. भांडणात त्यांनी पाटीवर उत्तर लिहावं, ते वाचेपर्यंत शालूबाईंचा राग निवून जायचा आणि वाचून झाल्यावर तो नव्यानं आणावा लागायचा. अशानं भांडणाला रंग कसा चढणार? हळूहळू आकारामांनी पाटी खुंटीला लावली. शालूबाई एकट्याच बोलत राहायच्या आणि भिंती ऐकायच्या. मग त्यांचंही बोलणं कमी झालं. गल्लीतल्या बायकांना काळजी वाटायला लागली, की ह्या बाईला काय झालंय, सकाळपासनं कुणाला शिवी न्हाई.

हे रेश्मानं नवऱ्याच्या कानावर घातलं. जयराज सांगलीत एका कॉलेजात कॉम्प्युटरची खोली सांभाळायचे. अठ्ठ्याण्णव सालच्या दिवाळीला ते आले ते खोकी घेऊनच. खोकं एकाकडचं, पडदा दुसऱ्याकडचा, आतले भाग पुण्यातनं गोळा केलेले. मामांनी टाइप करायचं, आणि जे टाइप केलं ते मशिन मोठ्यानं बोलणार.

त्यात घातलं होतं लिनक्स. जयराजांनी पाटावर बसून सासूला समजावून सांगितलं, की ही सिस्टीम फुकट मिळते, जगभरची माणसं मिळून तयार करतात, आणि तिचं पोट सगळ्यांना उघडं असतं. म्हणून तर तिला मराठी बोलायला शिकवता येईल.

"फुकट कशी वो?" शालूबाईंनी पदर सावरत विचारलं. "आनि बिगाडली तर धरायचं कुनाला?"

"कुणालाच नाही, मामी. आपणच दुरुस्त करायची. नाही जमलं तर जगाला पत्र लिहायचं."

(शालूबाईंना ह्यावर बरंच म्हणायचं होतं. त्यांनी करंजी पुढं केली.)

मशिन चालू झालं. पडदा उजळला, अक्षरं उमटली, सगळं झालं. फक्त आवाज निघेना. पुण्यातनं स्वस्तात आणलेलं आवाजाचं कार्ड होतं, त्याला ही सिस्टीम ओळखच देत नव्हती. कार्ड म्हणायचं मी इथं आहे, सिस्टीम म्हणायची तू कोण. बाकी हातपाय धड, तेवढं तोंड बंद. घरात एक मुका होता, ते आता दोन झाले.

तिथनं दर शनिवारी जयराज सांगलीहून एसटीनं यायचे, खिशात फ्लॉपी घेऊन. खोक्याचं झाकण काढून तासन् तास आत बघत बसायचे. दर शनिवारी शालूबाई जावयासाठी कधी मटण, कधी पुरणपोळी करायच्या. कार्ड काही बोलेना, जावई मात्र अंगानं भरले. दुकानात दुसरं चालणारं कार्ड मिळत होतं, हे शालूबाईंनासुद्धा कळत होतं. पण जावयाला 'दुसरं आणा की' म्हणणं म्हणजे 'तुम्हांला अक्कल नाही' म्हणणं. त्यांनी आडवळणानं रेश्माला सुचवून बघितलं. रेश्मा म्हणाली, "आई, ह्या कार्डापायी त्यांनी आता देशोदेशी पत्रं लिहिल्यात. आता बदललं तर त्यांची मान खाली जाईल." म्हणजे जगाची इज्जत सांभाळायची आणि पुरण वाटायचं शालूबाईंनी.

संक्रांत झाली आणि पोलंड नावाच्या कुठल्या मुलखातनं उत्तर आलं. तिथल्या एका गड्याकडं तसलंच कार्ड होतं आणि त्यानंही त्याच्यापायी डोकं आपटून घेतलेलं. त्यानं काही ओळी लिहून पाठवल्या, जयराजांनी त्या घातल्या, आणि खोक्याला जोडलेल्या पेटीतनं खरखर झाली.

आकारामांनी एका बोटानं टाइप केलं. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे होते, आणि गाड्यांचे नंबर लिहून लिहून ती अक्षरं त्यांना सरावाची होती. पेटी म्हणाली, "प्रवाशांनी कृपया" आणि थांबली. आवाज असा, की पाचगणीच्या शाळेतला गोरा मास्तर मंडईत भेंडीचा भाव विचारतोय. पण बोलली. आकारामांनी डोळ्यांना पंचा लावला.

शालूबाई स्वैपाकघरात होत्या. तेवढ्यात बाहेरनं एका परक्या बाप्यानं खणखणीत हाक मारली, "लक्ष द्यावे. शालन."

शालूबाई लाटणं घेऊनच सोप्यात आल्या. "कोन त्यो? कुनाचं नाव घेतोस रं?" असा आवाज चढवून बघतात तर सोप्यात परका कुणीच नाही. जावई खाली मान घालून बसलेले आणि नवरा कीबोर्डावर बोट ठेवून त्यांच्याकडं बघतोय. तीस वर्षांत जे नाव त्या तोंडातनं निघालं नव्हतं ते तोंड गेल्यावर निघालं होतं.

"शोभतं का ह्या वयात?" एवढंच म्हणून त्या आत गेल्या. त्या दिवशी चहात साखर दोनदा पडली.

हाकेच्या पुढं 'चहा कर' असंही टाइप केलं होतं, ते मात्र आलं नाही. ते आलं संध्याकाळी, आकारामांनी दुसरंच काही टाइप केल्यावर. मग ध्यानात आलं की पेटीला एक खोड आहे. वाक्य निघायचं, पण शेवटचे दोन-चार शब्द आतच राहायचे. पुढचं वाक्य मागनं आलं की त्याच्या आधी ते बाहेर पडायचे, आणि पुढच्याचं शेपूट आत राहायचं. वाक्यच छोटं असलं तर ते सगळंच आत.

ह्या खोडीनं गल्लीत काय घडवलं ते नाथाजींना विचारावं. नाथाजी म्हणजे शेजारचे, एसटीतलेच, आकारामांचे जिवाभावाचे दोस्त. एका सकाळी शालूबाईंनी नवऱ्याला विचारलं, थालीपीठ कसं झालं. आकारामांनी टाइप केलं 'झकास', ते आत बसलं. तेवढ्यात नाथाजी दारात आले, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, चेहरा उतरलेला.

"आकाराम, म्हातारी गेली रं पाटं."

आकारामांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी घाईघाईनं टाइप केलं 'फार वाईट झालं'.

पेटी म्हणाली, "झकास."

नाथाजी बघतच राहिले. आकारामांच्या कपाळाला घाम फुटला. त्यांनी टाइप केलं 'थांब, तसं नाही'.

पेटी म्हणाली, "फार वाईट झालं."

"व्हय, लयच वाईट झालं," नाथाजी म्हणाले, "असला शेजारी मिळाला," आणि तरातरा निघून गेले. शालूबाई त्यांच्या मागं धावल्या, परत आल्या, नवऱ्याला नाही नाही ते बोलल्या. आकारामांनी बिचाऱ्यांनी उत्तर द्यायला बोट लावलं, आणि पेटी रिकाम्या दाराकडं तोंड करून म्हणाली, "थांब, तसं नाही."

नाथाजींनी त्यानंतर चार महिने त्या घराची पायरी चढली नाही. आईच्या दिवसांचं जेवणसुद्धा ह्या घराला सांगितलं नाही.

जयराजांनी पुढच्या शनिवारी येऊन निदान केलं. आत आवाजाचा एक हौद असतो, तो भरला की बाहेर ओततो. शेवटी जे थोडं राहतं त्यानं हौद भरत नाही, म्हणून ते ओतायचं राहून जातं. "चूक ज्या ओळींत आहे त्या सापडत नाहीयेत, मामी. पोलंडला पुन्हा लिहिलंय."

आकारामांना ही गोष्ट लगेच पटली, पण त्यांच्या हिशेबानं. स्टँडच्या दारात कधीकधी गाडी अशीच उभी राहते. ड्रायव्हर बसलाय, कंडक्टर बसलाय, माणसं भरल्यात, पण मागनं दुसरी गाडी येऊन हॉर्न वाजवल्याशिवाय ती हलत नाही. मग त्यांनी स्वतःच तोड काढली. आपलं वाक्य टाइप केलं की त्याच्यामागं आणखी एक टाइप करायचं, 'गाडी सुटत आहे'. मागची गाडी आली की पुढची सुटायची.

तोड चांगली होती. पण ती मागची गाडी आत उभीच राहायची आणि पुढच्या बोलण्याच्या आधी बाहेर पडायची. त्यामुळं त्या घरातलं प्रत्येक बोलणं 'गाडी सुटत आहे' असं सुरू व्हायला लागलं. "गाडी सुटत आहे. शालन, गोळी दे." "गाडी सुटत आहे. शालन, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" भांडणाला पुन्हा रंग चढला. शालूबाईंचा आवाज पुन्हा गल्लीच्या टोकापर्यंत जायला लागला आणि बायकांना हायसं वाटलं. एवढंच, की आकारामांचं एक बोट वाक्य जुळवेपर्यंत शालूबाईंचं तिसरं उत्तर देऊन झालेलं असायचं. पुष्कळदा ते अर्ध्यावरच बोट उचलायचे आणि हसायचे. हसले की गळ्यावरचा फडका हलायचा.

आणखी एक व्यवस्था त्यांनी जयराजांकडनं करून घेतली होती. बोलणं झालं की पडद्यावरची अक्षरं लगेच पुसून जायची. जयराज म्हणाले होते, सगळं साठवून ठेवू का. आकारामांनी मान हलवली. गाडी गेल्यावर फळ्यावर तिची वेळ ठेवणारा कंट्रोलर त्यांच्या मते कंट्रोलरच नव्हे. माणसं फसतात.

त्या वर्षी अधिक जेठ आला. अधिक महिन्यात जावयाला वाण द्यायचं, तेहतीस अनारसे, जाळीदार, वर दिवा. शालूबाईंनी आठ दिवस तांदूळ भिजवण्यापासनं सगळं घरी केलं. जयराजांना ओवाळलं, ताट हातात दिलं. आकारामांनी अनारशाचा एक तुकडा दुधात बुडवून तोंडात धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. गिळवत नव्हता. शालूबाईंनी ते बघितलं.

दुखणं खाली उतरलं होतं. मिरजेला पुन्हा नेलं तर डॉक्टर खुर्ची पुढं ओढून बसले. डॉक्टर खुर्ची पुढं ओढून बसले की समजावं.

त्यानंतर आकाराम खाटेवरच असायचे. दुपारी थोडा वेळ धरून धरून मशिनपुढं यायचे, दोन वाक्यं बोलायचे आणि दमायचे. शालूबाईंचा धोशा चालू, की बोलू नका, निजा, आधी पेज घ्या. (मुक्या माणसाला 'बोलू नका' म्हणणारी बाई जगात ही एकच असेल.)

एका दुपारी त्या चुलीपाशी पेज ढवळत होत्या. बाहेर पेटी बोलली.

"गाडी सुटत आहे. शालन, एकदा तरी"

आणि थांबली. मागची गाडी यायची होती. शालूबाई वाटी घेऊन बाहेर आल्या, त्या बोलतच. "एकदा तरी काय? उटला कशापायी? कुनी सांगितलं उटायला? आदी पेज घ्या, मग सांगा सावकाश, मी काय कुठं पळून चाललीया व्हय." आकारामांचं बोट कीबोर्डावर होतं. शालूबाईंनी तो हात धरला, खांद्याला आधार दिला आणि त्यांना खाटेवर नेऊन निजवलं. पेज पाजली. चार घोट गेले. आकारामांनी दोनदा मशिनकडं हात केला. शालूबाई म्हणाल्या, उद्या.

उद्या सकाळी आकाराम उठले नाहीत.

गल्ली जमली, सांगलीहून रेश्मा-जयराज आले, सगळं रीतीनं झालं. नाथाजी चार महिन्यांनी पायरी चढले आणि खाटेचा पाय धरून लहान पोरासारखे रडले. आणि त्या सगळ्या गर्दीत कुणीतरी शहाण्या बाईनं कोपऱ्यातल्या घरघरणाऱ्या मशिनचं बटण बंद करायला हात घातला.

शालूबाईंनी तोवर डोळ्यांतनं टिपूस काढलं नव्हतं, त्या उठल्या आणि त्यांनी त्या बाईचं मनगट धरलं. "हात लावशील तर हात ठेवनार न्हाई. आत मानूस हाय."

मग त्यांनी कोंबडी झाकायची टोपली आणली आणि कीबोर्डावर पालथी घातली. चुकून कुणाचं बोट लागायला नको.

रेश्मानं हळूच म्हटलं, "आई, काहीही टाइप केलं तर ते बाहेर येईल. काढूया का?"

"न्हाई."

"अगं, पण बाबा काय म्हणाले ते तरी—"

"जोवर आत हाय तोवर त्यांचं बोलनं संपलं न्हाई," शालूबाई म्हणाल्या, आणि विषय मिटला.

तिसऱ्या दिवशी जयराज सांगलीला जाऊन आले, फ्लॉपी घेऊन. पोलंडच्या गड्याला चूक सापडली होती. तीन ओळींची होती. त्यानं लिहिलं होतं की आता शेवटचा शब्दसुद्धा आत राहणार नाही, आणि तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. ह्या ओळी घालायच्या तर मशिन एकदा बंद करून चालू करावं लागणार होतं, आणि बंद केलं की हौदातलं सगळं जाणार. हे जयराजांनी सासूला सांगितलं. न सांगता केलं असतं तर चाललं असतं, पण माणूस सरळ.

"नको," शालूबाई म्हणाल्या.

जावयाला म्हटलेला हा पहिला नको. जयराजांनी फ्लॉपी खिशात ठेवली आणि ती बाहेर काढली नाही.

आता भीती विजेची. जेठात वारं सुटलं की तारा लोंबायच्या आणि लाइट जायची. शालूबाई सुतकात घराबाहेर पडल्या आणि वीज ऑफिसात जाऊन साहेबांच्या टेबलापुढं उभ्या राहिल्या. "सायेब, आमच्या घरात मानूस बोलायचा राहिलाय. दहावा होईस्तवर लाइट घालवू नका." साहेब खुर्चीतनं उठून उभे राहिले. त्यांनी हात जोडले. वारं काही साहेबांचं ऐकत नव्हतं, ते वेगळं. जयराजांनी आधीच एक इन्व्हर्टर बसवला होता, त्याची बॅटरी मात्र म्हातारी. तेव्हा नाथाजींनी कुणाच्या तरी ट्रकची बॅटरी उतरवून खांद्यावरनं आणली आणि जोडली. "झकास चाललं बघा," असं म्हणाले, आणि मग आपणच ओशाळून गप झाले. लाइट गेली की शालूबाई घरातला पंखा, दिवे, सगळं बंद करायच्या आणि मशिनच्या हिरव्या ठिपक्याकडं बघत बसायच्या.

बसून करायचं काय? 'एकदा तरी'च्या पुढं काय असेल ते लावून बघायच्या. लग्न झालं तेव्हा पाचगणीला नेतो म्हणाले होते, ते राहूनच गेलं. एकदा तरी पाचगणीला जाऊ? की एकदा तरी माझं नाव घे? शालूबाईंनीही तीस वर्षांत नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. की एकदा तरी गोड बोल? ह्या ठिकाणी आलं की शालूबाई पदरानं मशिनवरची धूळ पुसायच्या. आणि कधीकधी वाटायचं, एकदा तरी सुखानं मरू दे, असं असलं तर? म्हणून तर टोपली उचलायचा धीर होत नव्हता. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

दहाव्याला सगळे माहुलीला संगमावर गेले. बायका जात नाहीत, असं कुणीतरी म्हणालं. म्हणणारा पुन्हा काही म्हणाला नाही. पिंड ठेवला. कावळे झाडावर भरपूर, पण एकही खाली येईना. ऊन चढलं. रेश्मानं हात जोडून सांगितलं, आईला मी सांभाळीन. कावळे ढिम्म. नाथाजी पुढं झाले. "आकाराम, त्या झकासचा राग मी कवाच सोडला रं." एका कावळ्यानं मान वाकडी केली, इतकंच. मग शालूबाई पुढं झाल्या आणि त्यांनी कावळ्यांना फैलावर घेतलं. काय पायजे ते सांगा, असं ताटकळत ठेवायची ही कुठली रीत, जित्यापनी कवा असा हट्ट केला न्हाई आनि आता कुठनं आला. बोलता बोलता त्यांचा आवाज बसला.

त्या शांततेत जयराज हलक्या आवाजात म्हणाले, "मामा, तुमचं वाक्य पुरं करतो."

कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

आता शब्द दिला होता. घरी आल्यावर जयराज मशिनपुढं बसले. सोपा माणसांनी भरला, चुलीपाशी बायका. मागनं काहीतरी टाइप करायला हवं होतं. कुणी म्हणालं देवाचं नाव घाला, कुणी म्हणालं नुसता नमस्कार. शालूबाईंनी टोपली उचलली आणि म्हणाल्या, "त्यांचंच घाला. गाडी सुटत आहे."

जयराजांनी एकेक अक्षर टाइप केलं. एंटरवर बोट ठेवलं आणि सासूकडं बघितलं. शालूबाईंनी मान हलवली.

बोट खाली गेलं आणि नेमका त्याच क्षणी रेश्माला हुंदका फुटला, तिला बघून चुलीपाशी बायकांनी सूर धरला, नाथाजी खोकले. शालूबाई गरकन मागं फिरल्या.

"अगं गप बसा की गं बायांनो, दहा दिस मी इथं जीव मुठीत धरून बसलीया, जरा त्या मानसाला बोलू द्या की, तुमाला काय कळ हाय का न्हाई!"

सगळे चिडीचूप झाले. शालूबाई वळल्या. पेटीही चिडीचूप होती. पडदा पुसून कोरा झाला होता.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. "आलं न्हाई व्हय अजून?"

नाथाजी टॉवेलात तोंड घालून बसले. रेश्मा आईकडं बघेना.

"आलं, मामी," जयराज म्हणाले. "येऊन गेलं."

शालूबाईंनी पेटीवर हात ठेवला. मशिन गरम होतं. आत आता नुसती मागची गाडी उभी होती.

"पुन्यांदा लावा."

"पुन्हा नाही लागत."

शालूबाई जावयापुढं जमिनीवर बसल्या, पाटावर नाही, पदरही सावरला नाही. "तुमी ऐकलं न्हवं? खरं सांगा. काय म्हनाले?"

जयराज सरळ माणूस. त्यांनी खाली बघत सांगायला सुरुवात केली. "मामा म्हणाले, शालन, एकदा तरी मधी न बोलता—"

"मी कवा मधी बोलते वो?" शालूबाई म्हणाल्या.

जयराजांनी तोंड मिटलं. शालूबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला, पण गाडी सुटली होती.